क्लिंगॉन क्रियापदे : काळ नाही, क्रियाव्याप्ती आहे

‘स्टार ट्रेक’मधील क्लिंगॉन लोकांसाठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी भाषा रचली आणि १९८५ मध्ये ‘द क्लिंगॉन डिक्शनरी’ हे तिचे कोश-व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यातील क्रियापदांचा भाग वाचताना विद्यार्थी बहुधा एकाच जागी अडखळतात. माझ्या मते दोष पुस्तकाच्या मांडणीचा आहे, भाषेचा नाही.

क्लिंगॉन क्रियापदाला काळ नसतो. ‘जिग़ुंग’ म्हणजे मला भूक लागली आहे, लागली होती किंवा लागेल. अर्थ संदर्भावरून ठरतो, किंवा ‘वा'खु'’ (काल), ‘वा'लेष’ (उद्या) अशा शब्दांवरून. (यातला ‘ष’ आपल्यासारखाच मूर्धन्य आहे.)

क्रियापद दाखवते ती व्याप्ती, म्हणजे क्रिया पुरी झाली की चालू आहे. त्यासाठी चार प्रत्यय आहेत. ‘-पु'’ आणि ‘-ता'’ दोन्ही पूर्णता सांगतात, पण ‘-ता'’मध्ये हेतू असतो. ‘लुखोखता'’ म्हणजे त्यांनी त्याला ठरवून मारले. चुकून मेला असेल तर ‘लुखोखपु'’. चालू क्रियेसाठी ‘-ताख’, आणि तिचा शेवट ठरलेला असेल तर ‘-लि'’. क्षेपणास्त्र नुसते जवळ येत असेल तर ‘चोलताख’ चालते, पण त्याचे लक्ष्य आपणच आहोत हे कळले असेल तर ‘चोल्लि'’. मराठीत दोन्हींना ‘जवळ येत आहे’ एवढेच म्हणू. ही रचना खरोखर सुरेख आहे.

आता तक्रार. पुस्तक ‘-पु'’ला पूर्णतावाचक म्हणते आणि लगेच सांगते की त्याचे भाषांतर बहुधा इंग्रजीच्या पूर्ण वर्तमानकाळाने होते. पुढे ‘क़ाजा'पु'’चा अर्थ मात्र साध्या भूतकाळात, ‘मी तुला सांगितले’ असा येतो. प्रत्यय नसलेल्या क्रियापदासाठी साधा वर्तमानकाळ सुचवला आहे. म्हणजे काळ दारातून घालवला आणि भाषांतराच्या खिडकीतून परत आत घेतला. परिणामी वाचक ‘-पु' म्हणजे भूतकाळ’ असे पाठ करतो. मग ‘वा'लेष डालेग़पु'’ समोर आले की गाडी अडते. अर्थ सरळ आहे : उद्या तू ते पाहिलेले असशील. भाषांतराचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हे वाक्य चाचणीत जरूर घ्यावे.

आपल्याला हे अवघड जाऊ नये. अजून घरातून न निघालेला मित्र फोनवर ‘आलोच!’ म्हणतो, तेव्हा आपण त्याला भूतकाळ समजत नाही. पण शालेय व्याकरणाने ‘पूर्ण वर्तमानकाळ’, ‘अपूर्ण भूतकाळ’ अशा नावांखाली काळ आणि व्याप्ती एकत्र बांधून ठेवल्या आहेत. ती गाठ आधी सोडवा.

सरावासाठी एक वाक्य : ‘काल मी नदी ओलांडत होतो.’ इथे ‘-ताख’ लावाल की ‘-लि'’? पलीकडचा काठ हे ठरलेले टोक आहे, म्हणून मी ‘-लि'’ लावीन. पण ‘ओलांडत असताना’ म्हणायचे असेल तर निवड उरत नाही, कारण ‘असताना’ दाखवणारा ‘-विष’ हा प्रत्यय ‘-ताख’शिवाय येतच नाही.