जोडाक्षरे वाचताना : 'गीता प्रवचने'मधील मोक्ष आणि करुणा

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला हमरस्ता वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात जाम या गावी फुटतो. एक वाट हिंगणघाटकडे जाते आणि दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. समुद्रपूरच्या नावात समुद्र असला, तरी आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाला तेथे समुद्राची कसलीच खूण दिसत नाही. तो मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा. पण नकाशात या गावावर बोट ठेवून आपण सभोवार पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. एका बाजूला हिंगणघाट. तेथे २६ डिसेंबर १९१४ रोजी बाबा आमटे यांचा जन्म झाला. दुसऱ्या बाजूला वरोरा; तेथे त्यांचे आनंदवन उभे राहिले. पश्चिमेकडे वर्ध्याच्या परिसरात गांधीजींचे सेवाग्राम, धाम नदीच्या काठचा विनोबांचा पवनार आश्रम आणि मनोहर दिवाण यांनी १९३६ साली सुरू केलेले दत्तपूरचे कुष्ठधाम. स्वतःची मुक्ती आणि दुसऱ्याचे दुःख यांचा संबंध काय, या प्रश्नाला पुस्तकात आणि पुस्तकाबाहेर इतकी उत्तरे एवढ्या लहानशा टापूत क्वचितच मिळाली असतील.

हा प्रश्न आपल्याही घरांत अधूनमधून निघतो. हिंदू माणूस स्वतःच्या मोक्षासाठी झटतो आणि ख्रिस्ती माणूस शेजाऱ्याच्या सेवेसाठी, असे एक वाक्य आपण सहज बोलून जातो. हाच विचार अल्बर्ट श्वाइट्झर या ख्रिस्ती पंडिताने भारतीय विचारावरील आपल्या १९३५ सालच्या ग्रंथात विद्वत्तेने मांडला. भारतीय चिंतनाचा मूळ कल जग आणि जीवन नाकारण्याकडे आहे, असे त्यांचे प्रतिपादन. पुढच्या काळात त्यात प्रेमाची आणि कर्माची बाजू कशी बळावत गेली हेही त्यांनी दाखवले आहे. पण लोकांनी उचलला तो पहिला अर्धा भाग. आफ्रिकेतील लांबारेने येथे रोग्यांच्या सेवेत आयुष्य वेचलेल्या माणसाचे म्हणणे आपण हलके लेखू शकत नाही. मात्र ते तपासून पाहणे हे वाचक म्हणून आपले कर्तव्य आहे.

तपासायला गेलो की प्रथम भागवत पुराण वाटेत आडवे येते. त्याच्या सातव्या स्कंधात बालक प्रल्हाद नरसिंहाला सांगतो, की मुनी बहुधा आपल्याच मुक्तीच्या इच्छेने रानात मौन धरून बसतात. मला मात्र या दीनांना मागे टाकून एकट्याने सुटायचे नाही. नवव्या स्कंधातील रंतिदेव राजाची गोष्ट तर याहून तीव्र आहे. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपासानंतर त्याच्यापुढे अन्न येते आणि एकामागून एक अतिथीही येतात. अन्न संपते, उरते घोटभर पाणी. तेही तो तहानेने व्याकूळ झालेल्या एका अंत्यजाला देऊन टाकतो आणि मागणे मागतो ते असे, की मला सिद्धी नकोत, पुनर्जन्मातून सुटकाही नको. सर्व जिवांच्या अंतरी राहून त्यांचे दुःख मला भोगता यावे. एकट्याच्या मोक्षाविरुद्धची तक्रार प्रथम परक्यांनी केलेली नाही. ती त्या परंपरेने स्वतःच, आपल्या सर्वांत लाडक्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे.

तरीही पुराणकथा आदर्श सांगते, रीत सांगत नाही. ज्याच्या अंगी रंतिदेवाचे बळ नाही, त्या सामान्य माणसाने करुणा शिकायची कशी? या प्रश्नाचे मराठीतील एक महत्त्वाचे उत्तर म्हणजे विनोबांचे 'गीता प्रवचने'. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात, अठरा रविवारी अठरा अध्यायांवर विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी ते शब्द टिपून घेतले. बोलणारा कैदी, ऐकणारे कैदी आणि लिहून घेणाराही कैदी. मुक्तीवरचे पुस्तक असे कोठडीत जन्माला आले. रविवारच्या प्रवचनाची सवय असलेल्या आपल्या कानांना त्याचा घाट परका वाटत नाही. छोटी वाक्ये, घरगुती दाखले, मधूनच आईची आठवण आणि श्रोत्याला हळूच विचारलेला प्रश्न, असा तो सगळा बाज आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या पुस्तकातील दोन स्थळे मोलाची आहेत. पहिले चौथ्या अध्यायावरचे. गीतेतील 'विकर्म' या शब्दाचा अर्थ अनेकांनी निषिद्ध कर्म असा केला. विनोबांनी तो बाहेरच्या कर्माला मिळणारी अंतःकरणाची जोड, असा केला. आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवते. हात कोणाचाही फिरला असता. पण त्या स्पर्शात तिने हृदय ओतलेले असते, म्हणून लेकराला जे मिळते ते दुसऱ्या हाताने मिळत नाही. कर्माला अशी मनाची जोड लाभली, की कर्माचे ओझे उरत नाही आणि कर्ताही त्यातून मोकळा होतो. म्हणजे मुक्ती कर्म टाकून मिळत नाही, कर्म भिजवून मिळते. शब्दार्थ म्हणून विनोबांचा अर्थ सर्वांना पटेल असे नाही. पण सेवेला कोरडेपणापासून वाचवणारी इतकी नेमकी कल्पना आम्हांला फार थोड्या ठिकाणी भेटली.

दुसरे स्थळ दहाव्या अध्यायावरचे. ईश्वर सर्वत्र आहे म्हणतात, मग तो दिसत का नाही? विनोबा येथे शाळामास्तर होतात. मुलाला आधी ठळक अक्षरे शिकवतात, मग बारीक. आधी साधी, मग जोडाक्षरे. ईश्वराची लिपीही तशीच वाचायची. आईच्या ठिकाणी तो ठळक आणि साध्या अक्षरात आहे. तेथे प्रथम ओळखावा. मग लहान मुलांत, मग पशुपक्ष्यांत आणि शेवटी रावणासारख्या अवघड जोडाक्षरातही तोच ओळखता यावा. करुणेला येथे केवळ भावनेचा उमाळा मानलेले नाही. ती वाचनाची विद्या ठरते. सरावाने येते आणि सराव नसेल तर येत नाही.

आमची हरकत नेमकी येथेच सुरू होते. वाचता येऊ लागले की माणूस अक्षराकडे पाहत नाही, अर्थाकडे पाहतो. अक्षर मागे पडते. मग ज्याच्या ठिकाणी मी ईश्वर वाचला, तो माणूस, त्याचे नाव, त्याची जखम, त्याचा अपमान, हेही मागे पडणार नाहीत काय? माझे चित्त शुद्ध व्हावे म्हणून मी त्याची सेवा केली, तर तो माझ्या साधनेचे साहित्य झाला. 'गीता प्रवचने'मध्ये सेवेविषयी पुष्कळ आहे. पण ज्याची सेवा करायची, त्या माणसाचा चेहरा आम्हांला फारसा दिसला नाही. दिसतो तो सेवकाच्या मनाचा चेहरा.

हरकतीचा दुसरा भाग अधिक कडक आहे. विनोबा स्वधर्माला जन्माबरोबर येणारा मानतात. आईबाप जसे निवडता येत नाहीत, तसा तोही निवडायचा नसतो. ज्याच्या जन्माबरोबर मैला वाहण्याचे काम आले, त्याला या विचारात कोणता दिलासा आहे? त्यातच कर्मसिद्धान्ताची जोड मिळाली, की दुःख हा ज्याचा त्याचा भोग ठरतो आणि करुणेचा झरा आटतो. नागपूरच्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी बुद्धाचा मार्ग धरला, तो प्रज्ञेच्या जोडीला करुणा मागणारा मार्ग होता. जन्मजन्मांतरीच्या कर्माने आजची विषमता समजावून सांगण्याला त्यांचा ठाम नकार होता. ही टीका बाजूला ठेवून 'गीता प्रवचने'चे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. विनोबांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की पुढे १९४६ च्या सुमारास ते पवनारजवळच्या सुरगाव या खेड्यात मैला साफ करण्यासाठी स्वतः नेमाने जात राहिले. पुस्तकाने मोकळी ठेवलेली जागा त्यांनी फावड्याने भरण्याचा प्रयत्न केला. पण ती जागा पुस्तकात मोकळीच आहे.

ही हरकत घेताना आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. गरिबाच्या ठिकाणी ख्रिस्त पाहा, असे आपणही म्हणतो. प्रायश्चित्तकाळात दानपेटीत पैसे टाकतो, नाताळात फराळाची ताटे पाठवतो आणि पुण्य पदरी पडले म्हणून समाधान पावतो. ताट घेणाऱ्या बाईचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाचा प्रसंग आपण पुनःपुन्हा ऐकला आहे. पण त्यातील एक बारकावा निसटून जातो. उजवीकडची माणसे राजाचे बोलणे ऐकून चकित होतात. आपण त्याला कधी जेवू घातले, हे त्यांना ठाऊकच नसते. त्यांनी भुकेल्याला पाहिले होते, राजाला नव्हे. आणि म्हणूनच ती सेवा राजाला पोचली. जन्मांधाला पाहून, पाप कोणाचे, असे विचारणारेही प्रभूचे शिष्यच होते. 'ज्याचा त्याचा भोग' ही भाषा केवळ कर्मसिद्धान्त मानणाऱ्यांच्याच तोंडी असते, असे नाही.

म्हणून आम्ही पुन्हा वर्ध्याच्या वाटेला लागतो. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी कुष्ठरोग्यांसाठी काम आरंभले, तेव्हा या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. चौलमुग्र्याच्या तेलाची टोचणी, जखमा धुणे आणि जवळ बसणे, एवढेच हाती होते. आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. त्या वेळी तो ज्याला झाला, तो घराला आणि गावाला मेलेला असे. गांधीजींनी १९४५ साली सुधारलेल्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत प्रांजळपणे नोंदवले आहे, की या क्षेत्रात झटणारे बहुतेक परदेशी ख्रिस्ती मिशनरी आहेत आणि एका भारतीयाने निव्वळ प्रेमापोटी चालवलेली संस्था म्हणून त्यांना दिवाण यांचीच दिसते. मोलोकाईच्या संत डेमियनची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. दत्तपूरची कथाही तिच्या शेजारी सांगितली जावी अशी आहे.

सेवाग्रामात परचुरेशास्त्री राहिले, ते संस्कृतचे पंडित होते आणि कुष्ठरोगी होते. गांधीजी त्यांचे अंग स्वतः चोळत. शास्त्र जाणणाऱ्यालाच रोगाने अस्पृश्य करून टाकले होते. अशा अंगावरून हात फिरवताना अक्षर विसरून अर्थाकडे जाता येत नाही. जखम आपल्याकडे पाहायला लावते. विकर्माचा दाखला देताना विनोबांनी आईच्या हाताची गोष्ट सांगितली होती. येथे तो हात आईचा नव्हता, पाठही लेकराची नव्हती.

बाबा आमट्यांचे उदाहरण याहून वेगळे आणि आमच्या मते अधिक बोलके आहे. वरोऱ्यात पावसात गटाराकाठी पडलेला, रोगाने झडलेला तुळशीराम पाहून ते आधी भ्याले आणि पळाले. या भीतीने त्यांना झोपू दिले नाही. कोणावर उपकार करण्यासाठी नव्हे, तर स्वतःमधील भय जिंकण्यासाठी आपण या कामात पडलो, असे ते पुढे सांगत. १९४९ साली महारोगी सेवा समिती आणि नंतर आनंदवन उभे राहिले, त्याच्या मुळाशी ही एका माणसाची स्वतःची सुटका होती. हीदेखील मुक्तीच, तिला मोक्ष हे नाव त्यांनी दिले नाही इतकेच. पण भयातून सुटण्याचा रस्ता तुळशीरामाला वगळून जात नव्हता, त्याच्यावरूनच जात होता. आपली मुक्ती आणि दुसऱ्याचे दुःख या दोन वाटा आहेत, हे गृहीतच येथे मोडून पडते.

मग 'गीता प्रवचने'वर आमचा अंतिम अभिप्राय काय? पुस्तकातील उणिवेवर पुस्तकातच एक उतारा आहे. बाराव्या अध्यायावर बोलताना विनोबा लक्ष्मण आणि भरत यांची जोडी पुढे ठेवतात. लक्ष्मण रामाच्या पायांजवळ राहून सेवा करतो, ही सगुण भक्ती. भरत दूर अयोध्येत राहून रामाचे काम करतो, ही निर्गुण भक्ती. दोन्ही एकमेकींना सावरतात. नुसत्या सगुणात आसक्तीचा धोका आणि नुसत्या निर्गुणात कोरडेपणाचा. हा विवेक भक्तीपुरता न ठेवता करुणेला लावला, तर दहाव्या अध्यायाचा धडा पुरा होतो. सर्वांच्या ठायी ईश्वर वाचणे हे निर्गुण; या एका माणसाची ही एक जखम धुणे हे सगुण. विनोबांनी ही जोड स्वतः अशा शब्दांत केलेली नाही. ती आपण वाचकांनी करायची आहे.

व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अन्य धर्मांविषयीच्या आपल्या घोषणेत, त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे म्हटले. न नाकारणे ही पहिली पायरी झाली. दुसऱ्याचा ग्रंथ आस्थेने आणि चिकित्सेने वाचणे ही पुढची. ज्यांनी 'गीता प्रवचने' अद्याप हाती घेतले नसेल, त्यांनी ते घ्यावे. दहावा आणि बारावा हे दोन अध्याय एकापाठोपाठ वाचावेत. आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आपल्या धर्मग्रामातील ज्या एका घराकडे आपण ताट पाठवतो पण पाऊल टाकीत नाही, त्या घरी जाऊन यावे. जोडाक्षर अवघड असते खरे. पण त्याला नाव असते आणि ते आधी विचारून घ्यावे लागते.