'सिंटॅक्स एरर' म्हणे!

एसईलिनक्सच्या रेफरन्स पॉलिसीचं मॉड्यूल बिल्ड करताना 'सिंटॅक्स एरर' आला की आपण आधी कंस आणि अर्धविराम मोजत बसतो. थांबा. तुमची टीई फाइल आधी एम-४ या मॅक्रो प्रोसेसरमधून जाते. इंटरफेसचं नाव चुकलं, किंवा त्याची आयएफ फाइलच नसली, तरी एम-४ तक्रार करत नाही. शब्द जसाच्या तसा पुढे ढकलतो. मग कंपायलर अडखळतो आणि शेवटी हजारांच्या घरातला ओळ क्रमांक दाखवतो. तुमची फाइल असते चाळीस ओळींची! सुरक्षेचे नियम इतके काटेकोर, आणि 'हा इंटरफेस सापडला नाही' एवढं सांगायची सोय नाही, हे मला तरी पटत नाही. तो क्रमांक विस्तारलेल्या फाइलचा असतो. टीएमपी फोल्डरमध्ये ती उघडा. त्याआधी 'मेक क्लीन' मात्र करू नका, तीही पुसली जाते.