वाबानाकी अध्ययन आणि शिक्षक-प्रशिक्षण : एक चिकित्सा

अमेरिकेतील मेन राज्याने २००१ मध्ये तेथील मूळनिवासी वाबानाकी समाजाचा इतिहास व संस्कृती शाळांत शिकविणे कायद्याने अनिवार्य केले. विधिमंडळातील पेनॉबस्कॉट प्रतिनिधी डोना लोरिंग या त्या विधेयकाच्या प्रवर्तक होत्या. कायद्याने शासनव्यवस्था व अन्य शासनांशी संबंध, सांस्कृतिक वारसा, भूप्रदेश आणि अर्थव्यवस्था ही चार अध्ययनक्षेत्रे नेमून दिली. तथापि त्याची अर्थपूर्ण अंमलबजावणी झाली नाही, असा निष्कर्ष वाबानाकी अलायन्स, ॲबे संग्रहालय आदी संस्थांच्या २०२२ च्या संयुक्त अहवालाने काढला.

प्रस्तुत लेखिकेच्या मते या प्रश्नाचे मूळ शिक्षकाच्या घडणीत आहे. जे स्वतः विद्यार्थिदशेत शिकले नाही, ते केवळ आदेशाने शिकविता येत नाही. एकदिवसीय कार्यशाळेतून टोपल्यांची वीण व लोककथा यांचा परिचय होईल. पण त्यातून वारसा तेवढा वर्गात येईल आणि एक जिवंत समाज भूतकाळात बंदिस्त होईल.

एक उदाहरण पुरेसे आहे. मेनच्या १८२० च्या राज्यघटनेतील मूळनिवासींविषयीच्या दायित्वांचे कलम १८७० च्या दशकापासून मुद्रित प्रतींतून वगळले गेले. कायद्याने मात्र ते लागूच राहिले. ते पुन्हा छापण्यास मतदारांनी २०२३ मध्ये कौल दिला. हे वगळणे कोणाच्या सोयीचे होते, हा प्रश्न वर्गात उभा करू शकणारा शिक्षकच खऱ्या अर्थाने प्रशिक्षित होय. असा शिक्षक घडविण्यासाठी प्रशिक्षण दीर्घकालीन हवे आणि त्याचा आशय ठरविण्याचा अधिकार वाबानाकी अभ्यासकांकडे हवा. अन्यथा कायदा कागदावर आणि समाज संग्रहालयातच राहील.