कव्हरचा गडी कुठल्या खान्यात?

फँटसी कबड्डीच्या ॲपवर संघ लावायला बसलं की गड्यांच्या तीनच जाती समोर यायच्या : रेडर, डिफेंडर आणि ऑलराऊंडर. प्रो कबड्डी लीगचा मोसम सुरू असताना अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमध्ये या तीन खान्यांवरून वाद झडायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर कायद्याने बंदी आणली आणि मुंबईच्याच ड्रीम इलेव्हनला पैसे लावून खेळायच्या स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या. पैसे गेले, खाने मात्र डोक्यात राहिले. आजही कुणी ‘सर्वोत्तम कबड्डीपटूं’ची यादी केली की ती याच तीन शीर्षकांखाली होते. याद्या कराव्यात, त्यात गंमत आहे. माझं भांडण खान्यांशी आहे.

मैदानावर डिफेंडर नावाचा गडीच नसतो. असतो तो डाव्या कोपऱ्याचा, उजव्या कोपऱ्याचा, कव्हरचा, नाही तर इनचा. सातजण उभे राहतात तेव्हा दोन टोकांना कोपरे, त्यांच्या शेजारी इन, मग कव्हर आणि मधोमध सेंटर. हल्ली इन आणि सेंटरच्या जागी बहुधा चढाईपटूच उभे असतात. तिथे त्यांनी पकड करावी अशी फारशी अपेक्षा नसते, फक्त स्वतः बाद होऊ नये. म्हणजे पकडीचं खरं ओझं चौघांवर : दोन कोपरे आणि दोन कव्हर. या दोन जागांच्या कामात इतका फरक आहे की दोघांना एका यादीत वर-खाली लावणं मला निव्वळ आळस वाटतो.

कोपऱ्याचा गडी वाट पाहतो. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, मागचा पाय हवेत असतो, अंगाचा तोल क्षणभर सुटलेला असतो. त्या क्षणी कोपरा घोट्यावर झेपावतो. हात लवकर पडला तर चढाईपटू पाय काढून घेतो, उशिरा पडला तर तो परत फिरलेला असतो. कव्हरचं काम वेगळं. कोपऱ्याने घोटा धरला की चढाईपटू मध्यरेषेच्या दिशेने अंग टाकतो. हात लांब केलेला उंच गडी एका झेपेत रेषेला बोट लावू शकतो. ती वाट अडवायची ती कव्हरने : छातीने थोपवायचं, कंबर धरायची, नाही तर धडक देऊन लॉबीबाहेर काढायचं. कोपऱ्याची पकड दिसते. कव्हरची पकड पुष्कळदा नुसता ढिगारा दिसतो, आणि त्या ढिगाऱ्यात सगळ्यात खाली कोण होतं हे पंचांनाही वाकून पाहावं लागतं.

हिशेबात मात्र पकड एक, गुण एक आणि त्यापुढचं नावही एक. ज्याने आधी हात घातला, गुण त्याच्या खात्यावर जातो. ज्याने मागून येऊन चढाईपटूची वाट बंद केली तो सामन्याच्या तक्त्यात कुठेच उमटत नाही. फँटसीचे गुण याच तक्त्यावरून निघायचे, म्हणून तिथे कोपऱ्याचे गडी हमखास वर आणि कव्हरचे खाली. वर्षानुवर्षं हे पाहिलेला तरुण प्रेक्षक मग असं धरून चालतो की कव्हर म्हणजे दुय्यम कोपरा.

आता माझी यादी.

चढाईपटूंपासून सुरुवात करू, कारण तिथे वाद कमी आहे. प्रदीप नरवालने २०१७ च्या मोसमात ३६९ गुण घेतले आणि एका सामन्यात ३४. डुबकी मारून बचावपटूंच्या साखळीखालून निसटण्याच्या कलेत त्याच्या जवळपास कुणी नाही. पण चढाईतही पोटजाती आहेत आणि त्यातली बोनसची जात मला अधिक बुद्धिमान वाटते. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतानाच बोनस मिळतो. म्हणजे सापळा पूर्ण लावलेला असताना त्यात पाय टाकून तो सहीसलामत बाहेर काढायचा. अनुप कुमार यातला उस्ताद. त्याच्यानंतर मी आपल्या उपनगरातल्या, सांताक्रूझच्या रिशांक देवाडिगाचं नाव घेतो. यूपी योद्धाकडून जयपूरविरुद्ध त्याने एकाच सामन्यात २८ गुण घेतले तो विक्रम त्याच मोसमात मोडला गेला आणि लोक विसरले. पण त्या सामन्याचं चित्रण पुन्हा पाहा. जोर फार कमी आहे, घाई अजिबात नाही, कोपरा कधी बसतो नि कधी उठतो यावर डोळा. जोराची जात म्हणाल तर ती चंदगडच्या सिद्धार्थ देसाईची. पकडणाऱ्यांना अंगावर घेऊन तो मध्यरेषेपर्यंत ओढत न्यायचा. २०१८ ला यू मुंबाकडून पहिलाच मोसम खेळला आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. पुढे दुखापतींनी त्याला छळलं. जोरावर चढाई करणाऱ्याचं शरीर फार काळ साथ देत नाही, हे फँटसीच्या कुठल्या गुणात धरलं जायचं नाही.

डाव्या कोपऱ्याला पहिलं नाव इराणच्या फझल अत्राचलीचं, आणि ते मान्य करायला मराठी अभिमानाची आडकाठी नसावी. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला १ कोटीला घेतलं. लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा तो पहिलाच, आणि तो पकडीचा गडी होता हे विशेष. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने भारताला उपांत्य फेरीत हरवून सुवर्णपदक नेलं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर गिरीश एर्नाक. घोट्यावरची त्याची झेप बघण्यासारखी, फक्त दोन-तीन गडी उरले असताना धीर थोडा कमी पडतो. उजव्या कोपऱ्याला चिपळूणकडचा शुभम शिंदे मला आवडतो. मात्र मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही यू मुंबाची जुनी जोडी ज्यांनी पाहिली, त्यांना दोन कोपरे एकमेकांशी न बोलता कसे बोलतात हे कळलं. त्यामुळे या जागेवरच्या माझ्या अपेक्षा अवास्तव आहेत, हे खरं.

कव्हरला मात्र मी थांबणार आहे. यू मुंबा पहिल्या तिन्ही मोसमांत अंतिम फेरीत गेली. २०१४ ला जयपूरकडून हरली, २०१५ ला बेंगळुरूला ३६-३० ने हरवून जिंकली, आणि तिसऱ्यांदा पाटण्याकडून तीन गुणांनी हरली. या संघाचं श्रेय अनुपला आणि कोपऱ्यांना दिलं जातं. मी ते जीवा कुमार आणि मुंबईचा विशाल माने यांना वाटून देईन. विशाल कधी प्रेक्षणीय खेळला नाही. कोपऱ्याचा हात पडला की तो तिथे असायचा, इतकंच. कोपरा चुकला तरी तो मागे सरकून साखळी पुन्हा जोडायचा आणि चढाईपटू रिकाम्या हाताने परत जायचा. त्या रिकाम्या चढाईचा गुण कुणालाच मिळत नाही, पण अशा दोन रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची होते आणि पकडीची संधी आपोआप चालून येते. अलीकडे हे काम सर्वात सफाईने कुणी केलं असेल तर पुणेरी पलटणच्या अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत या जोडीने. १ मार्च २०२४ ला पलटणने हरयाणाला २८-२५ ने हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. इतक्या कमी गुणांचा अंतिम सामना म्हणजे पकडीचाच सामना. कर्णधार अस्लम इनामदारचं कौतुक झालं, ते योग्यच. या जोडीबद्दल मात्र फार थोडं लिहिलं गेलं.

अशी जोडी तयार व्हायला वर्षं लागतात, आणि इथेच मुंबईच्या जुन्या कबड्डीचा मुद्दा येतो. कबड्डीत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे वेगळे जिल्हे, वेगळे संघ. उपनगरातला पोरगा मंडळात मातीवर घडायचा आणि मग एखाद्या कंपनीच्या संघात लागायचा : महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, देना बँक. नोकरी टिकली की संघ टिकायचा. तेच सातजण पाच-सात वर्षं एकत्र सराव करायचे, संध्याकाळच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा खेळायचे, एकमेकांच्या खोड्या जाणून असायचे. डाव्या कव्हरला कळायचं की आपला कोपरा आज दुखऱ्या गुडघ्यामुळे अर्धा सेकंद उशीर करणार आहे. लीगच्या लिलावाने पैसा आणला, आणि गड्यांना तो मिळालाच पाहिजे होता. पण लिलाव गडी विकत घेतो, जोडी नाही. मोसम संपला की संघ विस्कटतात. चढाईपटू नव्या संघात दुसऱ्या दिवशी चढाई करू शकतो. कव्हरला नव्या कोपऱ्याची भाषा शिकायला निम्मा मोसम जातो, आणि तोवर ॲपवरचा त्याचा भाव पडलेला असायचा.

मॅटनेही फरक केला. मातीत पाय रुततो, म्हणून थोपवणं अंगाच्या वजनावर चालायचं. मॅटवर बूट घालून चढाईपटूचा वळण्याचा वेग वाढला आणि कव्हरला वजनापेक्षा पायांची चपळाई लागू लागली. जुन्या जाणकारांना हे आवडत नाही. मला आवडतं. नव्या कव्हरचं पाऊल अधिक देखणं आहे.

ऑलराऊंडरचा खाना मी सोडून देतो. मंजित छिल्लरसारखा एखादाच त्यात खरा शोभतो. बाकी ज्यांचं काय करावं हे ॲपला कळत नव्हतं, ते तिथे टाकले जायचे.

महिलांची यादी करायला बसलो तर ती दोनच ओळींत संपते, आणि त्यात दोष खेळाडूंचा नाही. २०१२ मध्ये पाटण्याला झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकात भारत जिंकला तेव्हा त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या, आणि राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी १ कोटी जाहीर केले. २०१६ ला तीन संघांची महिला स्पर्धा झाली, अभिलाषा आइस दिवाजची कर्णधार होती. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने एका गुणाने जिंकला आणि पुढच्या वर्षी ती स्पर्धा भरलीच नाही. पुरुषांच्या कव्हरला निदान चित्रणातून तरी शोधता येतं. १२ बाय ८ मीटरच्या त्या लहान मैदानावर मुंबई उपनगरच्या मुलींमध्ये उत्तम कव्हर कोण आहे, हे आज सांगू शकतील ते फक्त जिल्हा निवड चाचणीला बसलेले पंच आणि प्रशिक्षक.