छायाचित्राची प्रत आणि समीक्षेचे निकष

छायाचित्राची समीक्षा करू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती समीक्षाविषयाच्या स्वरूपाची. कवितेच्या समीक्षकासमोर एक निश्चित संहिता असते. चित्राच्या समीक्षकासमोर चित्रकाराने हाताळलेला एकमेव फलक असतो. फिल्मवर घेतलेल्या छायाचित्राची स्थिती या दोहोंहून निराळी आहे. फिल्मवरील जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. त्यांवर प्रकाश पडला म्हणजे एक सुप्त प्रतिमा निर्माण होते. ती डेव्हलपरमध्ये प्रकट होते आणि हायपोमध्ये स्थिर होते. अशा रीतीने उजेड आणि काळोख यांची अदलाबदल झालेले निगेटिव्ह हाती येते. परंतु निगेटिव्ह म्हणजे पूर्ण झालेली कृती नव्हे. त्यावरून कागदावर प्रत काढताना किती प्रकाश द्यायचा, कोणता भाग झाकून उजळ ठेवायचा, कोणता अधिक वेळ उघडा ठेवून गडद करायचा, कागद सौम्य घ्यायचा की तीव्र, हे सर्व निर्णय पुन्हा घ्यावे लागतात. तेव्हा छायाचित्राची समीक्षा ही नेमकी कशाची समीक्षा, हा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. छायाचित्राची समीक्षा बहुतांशी छायाचित्रकारांच्या मंडळांतच वाढली. जो दाखवतो तोच उद्या पाहणारा आणि दोष काढणारा असतो. अशा मंडळांनी छायाचित्रकलेला जाणकार प्रेक्षक दिला, हे ऋण मोठे आहे. पण कारागिरांच्या सभेत कारागिरीचे नियमच हळूहळू कलेचे निकष होऊन बसतात, हा धोकाही त्यातूनच उद्भवला. या दोन प्रवृत्तींचा संघर्ष काही निवडक प्रसंगांतून तपासला, तर छायाचित्र-समीक्षेचे निकष कोठे शोधावेत याचा काही अंदाज येऊ शकेल.

१

भारतात असे मंडळ प्रथम स्थापन झाले ते मुंबईत. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ साली अस्तित्वात आली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनी, १८५६ मध्ये निघाल्या. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक होत. अर्थात त्या काळी फिल्म नव्हती. काचेवर ओले रसायन पसरून, ते वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवावे लागे. मुंबईच्या उष्ण हवेत हे काम किती कष्टाचे असेल, याची कल्पना करता येते.

याच वातावरणातून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक प्रकाशन चालवले. त्याच्या अंकांत प्रत्यक्ष छायाचित्रांच्या प्रती चिकटवलेल्या असत. या गोष्टीचे महत्त्व समीक्षेच्या दृष्टीने विशेष आहे. वर्गणीदाराच्या हाती पडे ती निगेटिव्हवरून काढलेली खरी प्रत. तिचा वर्ण, तिची धार, तिच्यातील छायांची खोली, सर्व काही त्याला प्रत्यक्ष दिसे. म्हणजे छायाचित्राच्या देवाणघेवाणीच्या आरंभकाळात कृती आणि तिचा प्रेक्षक यांच्यामध्ये छपाईच्या शाईचा पडदाही नव्हता. मात्र त्या चित्रांकडे पाहण्याची दृष्टी मुख्यतः माहितीची होती. लोकांचे वेष, जाती, व्यवसाय आणि इमारती यांची नोंद नीट झाली की नाही, एवढीच अपेक्षा तेथे असे. छायाचित्र हे वस्तूचे प्रमाण मानले, म्हणजे स्पष्टता हा एकच गुण उरतो आणि अस्पष्टता हा एकच दोष.

२

छायाचित्राला कलेचा दर्जा मिळवून देण्याची धडपड इंग्लंडमध्ये झाली, तेव्हा हा निकष अपुरा वाटू लागला. हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८५८ मध्ये ‘फेडिंग अवे’ हे मरणासन्न तरुणीचे चित्र पाच निगेटिव्ह जुळवून तयार केले. चित्रकलेतील रचनेचे नियम छायाचित्राला लावावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. याला तीव्र विरोध केला तो पीटर हेन्री एमर्सन यांनी. १८८९ मधील ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, छायाचित्राने मानवी दृष्टीचा अनुभव द्यावा. मुख्य वस्तू स्पष्ट असावी आणि उरलेला भाग किंचित मृदू असावा. अस्पष्टता हा येथे एक हेतुपूर्ण गुण ठरला.

परंतु एमर्सन यांची पुढील भूमिका अधिक उद्बोधक आहे. १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी प्रकाशाचे प्रमाण आणि निगेटिव्हची घनता यांतील नियमबद्ध संबंध प्रसिद्ध केला. छायांची परस्पर प्रमाणे जर रसायनाच्या नियमानेच ठरत असतील, तर छायाचित्रकाराच्या हाती स्वातंत्र्य ते काय राहिले, असे एमर्सन यांना वाटले. थोड्याच काळात त्यांनी आपल्याच सिद्धांताचा मृत्युलेख लिहून छायाचित्र ही कला नव्हे असे जाहीर केले. या निष्कर्षाशी सहमत होणे कठीण आहे, पण त्यामागील गृहीतक नेमके आहे. जेथे निवड नाही तेथे कला नाही आणि जेथे निवड दाखवता येत नाही तेथे समीक्षाही संभवत नाही, हे ते गृहीतक होय. एमर्सन यांची चूक इतकीच की, निवड कोठकोठे होते हे त्यांनी पुरते पाहिले नाही.

ज्या तरुणाला एमर्सन यांनी १८८७ मध्ये एका हौशी स्पर्धेत पहिले पारितोषिक दिले होते, त्या आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी हा वाद अमेरिकेत पुढे नेला. न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबचे ‘कॅमेरा नोट्स’ त्यांनी १८९७ पासून संपादिले; १९०२ मध्ये ‘फोटो-सिसेशन’ हा गट स्थापन केला; आणि १९०३ ते १९१७ या काळात ‘कॅमेरा वर्क’चे ५० अंक काढले. त्या अंकांतील फोटोग्रॅव्हर प्रती इतक्या काळजीने केलेल्या असत की, त्यांना स्वतंत्र कृतीचे मोल प्राप्त झाले. याच मंडळाच्या निकटचे समीक्षक सादाकिची हार्टमान यांनी १९०४ मध्ये, प्रतीवर कुंचल्याने आणि सुईने संस्कार करून तिला चित्राचे किंवा कोरीव ठशाचे रूप देण्याच्या पद्धतीवर कडक टीका केली. छायाचित्राने छायाचित्रच राहावे, अशी त्यांची मागणी होती. ‘कॅमेरा वर्क’च्या अखेरच्या जोडअंकात पॉल स्ट्रँड यांची रोखठोक चित्रे आली, तेव्हा त्या मागणीला कृतीचा आधार मिळाला. मित्रांच्या मंडळातही कठोर मतभेद होऊ शकतो आणि त्यातूनच मंडळाची दिशा बदलते, हे या इतिहासाचे तात्पर्य आहे.

३

निवड कोठे होते, या प्रश्नाचे एक उत्तर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या कार्यात मिळते. अ‍ॅडम्स हे १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात प्रदर्शन भरवणाऱ्या ‘एफ ६४’ या गटातील एक प्रमुख छायाचित्रकार. आरंभी पियानोवादक होण्याची तयारी केलेल्या या कलावंताने निगेटिव्हला स्वरलिपीची आणि प्रतीला वादनाची उपमा दिली. ही उपमा केवळ शोभेची नाही. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे त्यांनी एकच निगेटिव्ह घेतले. प्रत नीट निघावी म्हणून १९४८ मध्ये त्याच्या खालच्या भागावर रासायनिक संस्कारही केला. आरंभीच्या प्रतींत आकाश काहीसे उजळ असून त्यात ढगांच्या फिकट रेषा दिसतात. उत्तरकालीन प्रतींत तेच आकाश जवळजवळ काळे होते आणि दफनभूमीतील पांढरे क्रूस त्याखाली अधिक लखलखतात. निगेटिव्ह एक, स्थळ एक, क्षण एक; तरी भाव निराळा. पहिल्या प्रतीत संध्याकाळ आहे, नंतरच्या प्रतीत रात्रीचे गांभीर्य आहे. ‘हे चित्र चांगले आहे’ असे म्हणणाऱ्याने कोणत्या प्रतीविषयी आपण बोलत आहोत हे सांगितले नाही, तर त्याचे विधान अपुरे राहते.

दुसरे उत्तर रॉबर्ट फ्रँक यांच्या ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात आहे. १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर हिंडून ३५ मिलिमीटर फिल्मवर फ्रँक यांनी सुमारे २७,००० चित्रे घेतली. त्यांतून पुस्तकात आली ती फक्त ८३. हे पुस्तक १९५८ मध्ये पॅरिसला आणि १९५९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. १९६० मध्ये एका लोकप्रिय छायाचित्रण-मासिकात त्यावर झोड उठली. कण उठून दिसतात, चित्रे धूसर आहेत, क्षितिज तिरपे आहे, एक्स्पोजर गढूळ आहे, असे हे आक्षेप होते. कॅमेरा क्लबच्या गुणपत्रिकेने पाहिले, तर यांतील एकही आक्षेप खोटा नव्हता. तरीही ती समीक्षा चुकली. कारण त्या समीक्षकांनी प्रत्येक चित्र वेगळे काढून नियमाला लावले. रिकामी उपाहारगृहे, ध्वजामागे झाकलेले चेहरे, ट्रामच्या खिडक्यांत वर्णभेदाच्या क्रमाने बसलेले प्रवासी, यांच्या अनुक्रमातून जो अर्थ साकारतो, त्याला ती धूसरता आणि ती घाई आवश्यकच होती. जे दोष मानले गेले ते अभिव्यक्तीचे घटक होते.

फ्रँक यांच्या काँटॅक्ट शीट आज जतन झालेल्या आहेत. एका रोलमधील सर्व चौकटी एकाच कागदावर छापलेल्या या पानांवरून असे दिसते की, निवड शटर दाबण्याच्या क्षणी संपत नाही. चौकटींपैकी एक उचलणे आणि बाकीच्या सोडणे, हीदेखील रचना आहे. फिल्मवर घेतलेली नाकारलेली चौकट नाहीशी होत नाही. ती शेजारीच राहते आणि निवडलेल्या चौकटीविषयी साक्ष देते.

४

यावर असा आक्षेप घेता येईल की, तंत्राचे दोष जर आशयाच्या नावाखाली क्षम्य ठरवले, तर समीक्षेला काही आधारच उरणार नाही. हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. मायनर व्हाइट यांच्या शिकवणीत हीच अडचण वेगळ्या रूपात दिसते. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या ‘अपर्चर’ या नियतकालिकाचे संपादक आणि पुढे रॉचेस्टर येथील अध्यापक असलेल्या व्हाइट यांनी छायाचित्र शांतपणे, मन एकाग्र करून पाहण्यावर भर दिला. नियमांच्या ओझ्यातून प्रेक्षकाला मुक्त करणारी ही पद्धत मोलाची आहे. परंतु चित्र हे पाहणाऱ्याच्या मनाचा आरसा ठरले, की समीक्षा आत्मकथनाकडे झुकते. एकाला शोक दिसतो, दुसऱ्याला शांती. आणि चित्रावरून त्यांचा निवाडा करण्याची सोय राहत नाही.

मराठी वाचकाला येथे मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या आधारे कलाकृतीची घटना पाहण्याचा त्यांचा आग्रह छायाचित्राला काही अंशी फार चांगला लागू पडतो. हर्नांडेझच्या चित्रातील काळे आकाश आणि पांढरे क्रूस यांचा विरोध हा खरोखर लयीचा विरोध आहे. परंतु छायाचित्रातील छटा ही केवळ छटा नसते. ती एखाद्या विशिष्ट वस्तूची, विशिष्ट दिवशी पडलेल्या उजेडाची खूण असते. ट्रामच्या खिडक्यांची समांतर रचना रेषांच्या लयीने सुंदर असेल, पण त्या खिडक्यांमागे कोण बसले आहे याचा विसर पडला, तर ते चित्र पाहिले असे म्हणता येणार नाही. म्हणून छायाचित्राच्या समीक्षेत लय आणि साक्ष या दोहोंना एकत्र तोलावे लागते.

यातून निकष असा निघतो: फिल्मची जात, एक्स्पोजर, डेव्हलपिंग, चौकटीची निवड आणि प्रतीची घडण या पायऱ्यांवरील निर्णय त्या चित्राच्या आशयाशी एकजीव झाले आहेत काय, हे पाहावे. उठून दिसणारे कण अंधुक प्रकाशात माणसाजवळ पोहोचण्याची किंमत असतील, तर ते स्वीकारावेत. निष्काळजीपणाने आलेले असतील, तर तो दोषच होय. या निर्णयासाठी समीक्षकाने ‘हे असे का?’ हा प्रश्न प्रत्येक पायरीवर विचारला पाहिजे. नियमावलीला एवढे श्रम करावे लागत नाहीत. तिची लोकप्रियता आणि तिची उणीव, दोन्हींचे मूळ येथेच आहे.

या निकषाला आज एक नवी अडचण आहे. फिल्मकडे तरुण छायाचित्रकार पुन्हा वळले आहेत, पण त्यांची बहुतेक चित्रे परस्परांना दाखवली जातात ती स्कॅन करून, पडद्यावर. प्रयोगशाळेतील स्कॅनरची आज्ञावली छटा आणि रंग आपोआप जुळवते. तेव्हा ‘फिल्मचा सौम्य रंग’ म्हणून ज्याची स्तुती होते, तो अनेकदा यंत्राने घेतलेला निर्णय असतो. त्याचे श्रेय किंवा दोष छायाचित्रकाराला देणे न्याय्य नाही. ज्या विभागांत छायाचित्र हा अभ्यासविषय आहे, तेथे विद्यार्थ्यांच्या चर्चेपूर्वी निगेटिव्ह, काँटॅक्ट शीट आणि निदान एक हाताने काढलेली प्रत टेबलावर ठेवण्याचा प्रघात पाडता येण्यासारखा आहे. स्कॅनच चर्चेला असेल, तर त्यात कोणी काय बदलले याची नोंद सोबत असावी. मुंबईच्या १८५६ च्या वर्गणीदाराला खरी प्रत सहज मिळत होती. आजच्या अभ्यासकाला ती मागून घ्यावी लागेल, आणि प्रत हाती आल्यावर निर्णयांची चौकशी करण्याचे जे काम त्या वर्गणीदाराला सुचले नव्हते, तेही त्याला करावे लागेल.