तान्ह्या मुलाचे घर आणि मराठी स्त्रीआत्मकथने : एक विचार

प्रस्तावना

लग्न आणि अपत्यजन्म ही कौटुंबिक जीवनातील दोन महत्त्वाची स्थित्यंतरे होत. मराठी साहित्याने पहिल्या स्थित्यंतराकडे जितके लक्ष दिले तितके दुसऱ्याकडे दिलेले दिसत नाही. लग्न जुळणे, न जुळणे आणि त्यातून होणारी स्त्रीची होरपळ हा हरिभाऊ आपटे यांच्यापासून कादंबरीचा हक्काचा विषय राहिला. आईची थोरवी सांगणारे लेखनही विपुल आहे. परंतु नुकतेच आईबाप झालेले जोडपे, त्यांची अपुरी झोप, दोरीवर वाळणारी दुपटी, पैशांची ओढाताण आणि या सर्वांतून बदलत जाणारे पतिपत्नीचे नाते हे मात्र क्वचितच लेखनाच्या केंद्रस्थानी आले. या अभावामागची कारणे कोणती आणि स्त्रियांच्या आत्मकथनांनी तो कितपत भरून काढला, याचा विचार प्रस्तुत लेखात ‘स्मृतिचित्रे’, ‘जिणं आमचं’ आणि ‘आयदान’ या तीन आत्मकथनांच्या आधारे केला आहे. तान्ह्या मुलाच्या घरात बाप कोठे आहे, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

बाळंतिणीची खोली आणि लेखणी

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. डोहाळजेवण झाले की पहिलटकरीण माहेरी जाते. तेथे आई, आजी, सुईण यांच्या देखरेखीखाली शेकशेगडी, धुरी, तेल लावून न्हाऊमाखू घालणे, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू असा क्रम चालतो. सव्वा महिना तिने घराबाहेर पडू नये, असा संकेत असतो. सुवेर आणि विटाळाच्या कल्पनांमुळे बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचा वावर जवळजवळ नसे. बाप बारशाला पाहुण्यासारखा येई आणि परत जाई. काही महिन्यांनी पत्नी मुलासह सासरी येई, तेव्हा मूल मान धरू लागलेले, हसू लागलेले असे. थोडक्यात, जोडप्याने एकत्र अनुभवावयाचे पहिले दिवस या व्यवस्थेत एकत्र अनुभवलेच जात नसत.

या रीतीची उपयुक्तता नाकारता येत नाही. सासरच्या कामाच्या रगाड्यातून सुनेला मिळणारी हक्काची विश्रांती बहुधा हीच होती. मात्र तिचा एक परिणाम साहित्यावर झाला. ज्याच्या हाती लेखणी होती तो बाप त्या खोलीत नव्हता आणि जी त्या खोलीत होती तिला लिहिता येत नव्हते. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे विधिलिखित लिहिण्यास येते अशी श्रद्धा आहे. तिच्यासाठी पूजेत कोरा कागद व लेखणी ठेवण्याची चाल अनेक घरांत आढळते. बाळंतिणीच्या खोलीत येणारा हा कागद सटवाईसाठी असे, बाळंतिणीसाठी नव्हे. दुसरीकडे, पुरुषांच्या आठवणी लेखकाला स्वतःचे आठवू लागते तेथून सुरू होतात. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मधील श्यामही आठवणी सांगू शकण्याच्या वयाचा आहे. तान्हेपण हे ज्याचे असते त्याच्या स्मरणात राहत नाही. ते केवळ सांभाळणाऱ्याच्या स्मरणात राहते आणि सांभाळणारी व्यक्ती निरक्षर होती.

निरक्षरता म्हणजे निःशब्दता नव्हे, हेही येथे नोंदविले पाहिजे. बारशाचे पाळणे आणि जात्यावरच्या ओव्या यांत तान्ह्या बाळाचे कौतुक ठायी ठायी आढळते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात संकलित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. मात्र या गीतांतही बाळाला अंगडे-टोपडे घेऊन येणारा बहुधा बाईचा भाऊ, म्हणजे बाळाचा मामा असतो. नवरा त्यामानाने मागे राहतो. मौखिक परंपरेतही तान्ह्या मुलाचे घर हे मुख्यतः माहेरच आहे.

या खोलीतील हानीचे उदाहरण आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात मिळते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल अवघे दहा दिवस जगले. १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविताना त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. बाळंतिणीची खोली एका मराठी स्त्रीच्या लेखणीतून उतरली ती शास्त्रीय प्रबंधाच्या रूपाने आणि इंग्रजीत. त्या दहा दिवसांतील पतिपत्नीचे दुःख त्या प्रबंधाच्या कक्षेत येणारे नव्हते.

स्मृतिचित्रे : अनुपस्थित पिता

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. त्यांतील विनोद आणि प्रांजळपणा यांचे समीक्षेने भरभरून कौतुक केले, ते यथार्थच आहे. परंतु एका तरुण आईच्या एकाकी संसाराची नोंद म्हणून हा ग्रंथ पुरेसा वाचला गेलेला नाही. रेव्हरंड टिळक मराठीत ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले जातात. ‘स्मृतिचित्रे’ त्याच कवीच्या घरातील हकिकत सांगते. हातात आलेला पैसा कोणालातरी देऊन टाकणे, मनात येईल तेव्हा घर सोडून जाणे हा टिळकांचा स्वभाव होता. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पुनर्भेटीस काही वर्षे जावी लागली.

येथे पित्याची अनुपस्थिती रूढीमुळे आलेली नाही. ती त्याच्या वृत्तीतून आणि धर्मशोधातून आली आहे. लक्ष्मीबाई टिळकांना दोषी ठरवीत नाहीत व त्यांच्या अपत्यप्रेमाबद्दल शंकाही घेत नाहीत. मात्र मुलांवर प्रेम असणे आणि मुलांचे रोजचे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्यांच्या साध्या निवेदनातून आपोआप उघड होतो. या ग्रंथाचे वाङ्मयीन सामर्थ्य या भेदात आहे.

जिणं आमचं : विश्रांती नसलेले बाळंतपण

शेकशेगडी आणि डिंकाचे लाडू यांचे चित्र सर्व मराठी समाजाचे मानणे चूक ठरेल, हे बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’ (१९८६) मधून लक्षात येते. या आत्मकथनात कोवळ्या वयात येणारे बाळंतपण, अडलेल्या बाईचे हाल आणि बाळंतपणानंतरची भूक यांची वर्णने येतात. बाळंतिणीला पोटभर अन्न मिळत नाही, अंगाला पुरेशी फडकी नाहीत. सव्वा महिन्याची विश्रांती ही जातीने आणि ऐपतीने मिळणारी सवलत होती, हे येथे कोणत्याही सैद्धान्तिक परिभाषेविना सिद्ध होते.

कांबळे यांचे निवेदन ‘मी’पेक्षा ‘आम्ही’चे आहे. त्यामुळे एका जोडप्याचा खाजगी संसार येथे वेगळा काढता येत नाही. दारिद्र्याने आणि अस्पृश्यतेने नवऱ्यालाही पिचलेले आहे, तरी घरात सत्ता त्याचीच आहे. हे लेखन लेखिकेने दीर्घकाळ पतीपासून लपवून ठेवले होते, ही वस्तुस्थिती या संदर्भात बोलकी आहे. लेखणी हाती आली तरी ती घरात उघडपणे धरता येत नव्हती.

आयदान : दोघांच्या घरातील विषम वाटणी

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये परिस्थिती बदललेली दिसते. पतिपत्नी शिकलेली आहेत, पत्नी नोकरी करते, संसार मुंबईत आहे. ‘दोघांचे घर’ ही कल्पना येथे प्रथमच खऱ्या अर्थाने अवतरते. परंतु नोकरी, मुले, स्वयंपाक आणि पुढचे शिक्षण हे सारे सांभाळणाऱ्या पत्नीकडून घर आधी, इतर सर्व नंतर अशी अपेक्षा राहतेच. आयदाने विणणाऱ्या आईचे कष्ट आणि लेखिकेचे स्वतःचे लेखन यांची वीण एकच आहे, असे या आत्मकथनाचे सूत्र आहे. समानतेच्या चळवळीशी नाते सांगणाऱ्या घरातही समानता रोजच्या कामापर्यंत पोचत नाही, हे पवार निर्भीडपणे मांडतात.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. तान्ह्या मुलाचे घर मराठी साहित्यात दुर्लक्षित राहिले याचे कारण विषयाची क्षुद्रता हे नाही. अनुभव आणि लेखणी यांची सामाजिक फारकत हे त्याचे कारण आहे.

२. स्त्रीआत्मकथनांनी ही फारकत कमी केली. मात्र तिन्ही ग्रंथांत पिता वेगवेगळ्या कारणांनी रोजच्या संगोपनाबाहेर आहे.

३. बाळंतपणाचे ‘पारंपरिक’ म्हणून रंगविले जाणारे चित्र जातवर्गनिरपेक्ष मानता येत नाही.

आज ही चौकट बदलत आहे. दवाखान्यातून बाळ थेट दोन खोल्यांच्या सदनिकेत येते. पूर्वी लेक माहेरी जाई, आता आजीच लेकीकडे जाते. पुण्या-मुंबईची आजी तर त्यासाठी सहा महिने परदेशी मुक्काम करते. मातृत्व रजेची मुदत २०१७ च्या दुरुस्तीने १२ वरून २६ आठवड्यांवर नेण्यात आली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांसाठी ठरविलेली पितृत्व रजा १५ दिवसांची आहे. २६ आठवडे आणि १५ दिवस या अंतरातही बारशापुरता येणारा जुना बाप ओळखता येतो. तरीही रात्री उठून बाळाला खांद्यावर घेणारा तरुण बाप आता घरोघरी दिसू लागला आहे. मराठी लेखनात मात्र तो अद्याप अभावानेच आढळतो. त्याने स्वतःचा अनुभव लिहिला, तर सटवाईसाठी ठेवलेल्या त्या कोऱ्या कागदावर आईच्या हस्ताक्षराशेजारी बापाचेही हस्ताक्षर उमटेल आणि कौटुंबिक जीवनाचे चित्र अधिक पूर्ण होईल.