नळदुर्गचा धबधबा, मावळतीचे ऊन आणि कापलेली भिंत

नळदुर्ग आपल्याच तुळजापूर तालुक्यातले. पावसाळ्यात तिथल्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे कोसळू लागले की मोबाइलवर फोटोंचाही पूर येतो. त्यातल्या पुष्कळांची तऱ्हा एकच. सोनेरी ऊन, आणि पाणी असे की जणू कुणी रेशमाचे ठाण उलगडले आहे. फोटो सुंदर असतात, यात वाद नाही. आमची तक्रार वेगळी आहे.

आधी हे होते कसे, ते पाहू. सूर्य खाली गेला की त्याच्या किरणांना वातावरणातून लांबची वाट कापावी लागते. निळा प्रकाश वाटेतच विखुरतो, तांबूस उरतो. उजेडही कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. अर्ध्या सेकंदात थेंब मीटरभराहून जास्त खाली येतो आणि त्याची रेघ उमटते. अशा असंख्य रेघांचे रेशीम होते.

कुणी म्हणेल, मग शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतेच उघडा, खरे पाणी दिसेल. दिसेल का? थेंब हवेत थिजलेले दिसतील, झेनोच्या बाणासारखे. तो प्रत्येक क्षणी स्थिर, मग चालतो कधी? असे पाणीही आपल्या डोळ्यांनी कधी पाहिलेले नसते. तेव्हा खरे-खोटे शटरच्या वेगावर ठरत नाही. चौकटीत काय ठेवले आणि काय गाळले, यावर ठरते.

आणि गाळले काय जाते? भिंत! नर-मादी म्हणजे डोंगरातून आपोआप फुटलेले पाणी नव्हे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बंधारा घातला गेला, त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. तो भरून वाहिला तरच हे धबधबे पडतात. पाऊस दगा देतो त्या साली भिंत कोरडी. आपल्या मराठवाड्यात पाणी कोसळणे ही नेहमीची शोभा नाही, ती घटना आहे. रेशमी फोटो ती घटना पुसतो आणि कुठल्याही मुलखातले, कुठल्याही सालचे एक देखणे दृश्य हातात ठेवतो.

आम्ही एकदा संध्याकाळी पाणीमहालाच्या खिडकीत उभे होतो. समोर पाण्याचा पडदा, अंग कोरडे. फोटो काढला, तो फसलाच. पाणी पांढरेफटक, दगड काळाठिक्कर. पण त्यात खिडकीची चौकट होती. तो पाहणारा आजही विचारतो, हे पाणी अडवले कुणी, आणि माणूस आत कोरडा कसा? सुंदर फोटो पाहून हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलेला नाही.

म्हणून सांगणे एवढेच. मावळतीचे ऊन जरूर घ्या, शटर हवे तेवढे उघडे ठेवा. भिंत मात्र कापू नका.